पेन्टेस्टिंगचा ऑनलाइन कोर्स निवडताना: कमी पैशांत, पण कामाचा

पेन्टेस्टिंग, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टम फोडून तिच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणं, शिकायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठला कोर्स घेऊ?" माझ्या मते या प्रश्नाचा नंबर चौथा किंवा पाचवा लागायला हवा. या क्षेत्रात फुकट मिळणारं साहित्य इतकं चांगलं आहे की सुरुवातीचे काही महिने खिशात हात न घालताही निघतात. पैसे मोजावे लागतात ते तीनच गोष्टींसाठी: नीट चालणारी लॅब, तुमचं काम तपासून चुका दाखवणारा माणूस आणि परीक्षेचं व्हाउचर. या तिन्हींचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला आधी थोडी तयारी लागते. ती नसताना घेतलेला कोर्स कितीही स्वस्त असला तरी अर्ध्यावर सुटतो, आणि अर्ध्यावर सुटलेल्या कोर्सचे पैसे पूर्णच गेलेले असतात.

म्हणून खालचा क्रम जरा उलटा वाटेल. खरेदी शेवटी आहे.

पहिली पायरी: नेमकं काय तपासायला शिकायचंय?

पेन्टेस्टिंग हे एकच काम नाही. वेब अ‍ॅप्लिकेशन तपासणाऱ्याचा दिवस ब्राउझर आणि बर्प स्वीट (ब्राउझर-सर्व्हरमधल्या रिक्वेस्ट अडवून बदलायचं टूल) यांच्यात जातो. कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कची चाचणी करणारा बहुतेक वेळ विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतली खाती आणि मशिन्स एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) असतो. मोबाइल अ‍ॅप, क्लाउड, वायफाय या आणखी वेगळ्या वाटा. "सगळं काही शिकवतो" म्हणणारा कोर्स यातल्या प्रत्येकाला एकेक तास देतो आणि तुम्ही कशातच पुरते तयार होत नाही.

तुम्ही आधीच वेब डेव्हलपर असाल तर वेबकडून सुरुवात करा, निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते. सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा नेटवर्किंग केलं असेल तर अंतर्गत नेटवर्क आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी जवळची. दोन्ही नसेल तर वेब, कारण तिचा सराव सर्वात स्वस्तात होतो: ब्राउझर चालेल असा कुठलाही साधा लॅपटॉप पुरतो.

दुसरी पायरी: पाया किती पक्का आहे ते स्वतः तपासा

पुढच्या प्रश्नांची उत्तरं सर्च न करता, आपल्या शब्दांत देऊन पाहा. टीसीपी कनेक्शन जुळताना कुठली तीन पॅकेट्स इकडून तिकडे जातात? शेवटी /२४ लिहिलेल्या नेटवर्कमध्ये किती मशिन्स बसतात? एखाद्या विंडोज मशिनवर ४४५ नंबरचा पोर्ट उघडा दिसला तर तिथे काय चालू असणार? लिनक्समध्ये फाइलवर एसयूआयडी बिट लागलेला असेल तर ती कोणाच्या अधिकारात चालते? लॉगिन झाल्यावर सर्व्हर तुम्हाला पुढच्या रिक्वेस्टला कसा ओळखतो?

यातल्या निम्म्यांवर अडखळलात तर पेन्टेस्टिंगचा कोर्स आत्ता नको. नेटवर्किंग आणि लिनक्स आधी, आणि त्यालाही पैसे लागत नाहीत. लिनक्ससाठी ओव्हरदवायर या साइटवरचा बॅन्डिट हा खेळ घ्या. एसएसएचने (दूरच्या मशिनचं टर्मिनल उघडायची पद्धत) २२२० पोर्टवर जोडायचं, पहिलं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही "बॅन्डिट०". मग प्रत्येक पातळीवर पुढच्या पातळीचा पासवर्ड कुठे तरी दडवलेला असतो: कधी लपवलेल्या फाइलमध्ये, कधी बेस६४ मध्ये, कधी एखाद्या पोर्टवर. तिशीच्या घरात पातळ्या आहेत. त्यातल्या पहिल्या वीसेक स्वतःच्या डोक्याने झाल्या की टर्मिनलची भीती जाते. फाइंड, ग्रेप, पाइप हे हाताला लागलेलं असतं आणि महागड्या कोर्सचे पहिले कित्येक धडे तुम्हाला गाळता येतात.

प्रोग्रामिंग किती हवं? लिहिता आलं तर उत्तम, पण वाचता आलंच पाहिजे. नेटवर सापडलेली शंभर ओळींची पायथन स्क्रिप्ट नेमकं काय करते हे न कळता ती चालवणारा माणूस क्लायंटच्या सिस्टमवर धोकादायक ठरतो.

तिसरी पायरी: फुकटचं आधी संपवा

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात.

वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी. बर्प स्वीट बनवणारी हीच कंपनी. २०१९ पासून चालू असलेली ही अकॅडमी पूर्ण मोफत आहे: वाचायला मजकूर, आणि प्रत्येक मुद्द्याला जोडलेली लॅब, अप्रेंटिस, प्रॅक्टिशनर आणि एक्स्पर्ट अशा तीन पातळ्यांवर. व्हिडिओवाल्या अनेक सशुल्क कोर्सेसपेक्षा मी हिला वर ठेवतो. बर्पची मोफत कम्युनिटी आवृत्ती बहुतेक लॅब्जना पुरते. तिच्यात इन्ट्रूडर (एकामागून एक रिक्वेस्ट आपोआप पाठवणारा भाग) मुद्दाम हळू केलेला आहे, प्रोजेक्ट सेव्ह होत नाही, आणि कोलॅबोरेटर (लक्ष्य सर्व्हर बाहेर कुठे जोडतोय ते पकडणारी सेवा) लागणाऱ्या थोड्या लॅब्ज अडतात. अडू द्या, त्यांच्यासाठी एवढ्यात प्रोफेशनल लायसन्स घेऊ नका. अप्रेंटिस पातळी पूर्ण आणि प्रॅक्टिशनरमधली एसक्यूएल इंजेक्शन, अ‍ॅक्सेस कंट्रोल, ऑथेंटिकेशन, क्रॉस साइट स्क्रिप्टिंग एवढी प्रकरणं झाली, तर वेबच्या प्राथमिक कोर्सची गरजच उरत नाही.

ट्रायहॅकमी अगदी नवख्यांसाठी चांगलं. ब्राउझरमध्येच तयार लिनक्स मशिन मिळतं, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नाही. मोफत खात्यात ते मशिन दिवसाला थोडाच वेळ वापरता येतं. स्वतःचं काली लिनक्स (पेन्टेस्टिंगची टूल्स आधीच घातलेलं लिनक्स) व्हीपीएनने जोडलं की ती अडचणही जाते. हॅक द बॉक्सवर फोडायच्या मशिन्सपैकी चालू असलेली मोफत असतात, पण रिटायर झालेल्या, म्हणजे स्पर्धेतून काढलेल्या मशिन्ससाठी पैसे द्यावे लागतात. गंमत अशी की शिकणाऱ्याला उपयोग रिटायर मशिन्सचाच जास्त, कारण रायटअप्स (मशिन कसं फोडलं त्याची लेखी नोंद) त्यांचीच मोकळेपणाने छापता येतात. यूट्यूबवर इप्सेक या नावाने चालणारं चॅनेल या रिटायर मशिन्स तासतासभर सोडवून दाखवतं. त्यातली खरी शिकवण उत्तरात नाही, हा माणूस चुकीच्या वाटेवर गेल्यावर परत कसा फिरतो ते बघण्यात आहे.

आणि स्वतःची लॅब. एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांना मोफत झालं. त्यावर काली, आणि समोर मुद्दाम कमकुवत बनवलेली लक्ष्यं: मेटास्प्लॉइटेबल २, ओवॅस्पचं ज्यूस शॉप किंवा व्हल्नहबवरून उतरवलेली मशिन्स. आठ जीबी रॅममध्ये काली आणि एक लक्ष्य एवढं चालतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची छोटी लॅब, म्हणजे एक डोमेन कंट्रोलर आणि एकदोन क्लायंट मशिन्स, उभारायची तर सोळा जीबी धरा. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती मायक्रोसॉफ्ट स्वतःच देतं, तेव्हा तिथेही लायसन्सचा खर्च नाही. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवाला लॅपटॉप असेल तर एक लक्षात ठेवा: व्हल्नहबवरची बहुतेक मशिन्स इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनलेली असतात आणि तिथे सरळ चालत नाहीत. अशांनी ब्राउझरमधल्या लॅबवर भर द्यावा.

ही कमकुवत मशिन्स होस्ट-ओन्ली (फक्त तुमच्या कॉम्प्युटरपुरत्या) नेटवर्कवरच ठेवा, ब्रिज्ड मोडवर (घरच्या नेटवर्कला थेट जोडून) टाकू नका. आणि लेखी परवानगीशिवाय बाहेरच्या कुठल्याही सिस्टमला हात लावू नका, "फक्त स्कॅन" सुद्धा नको. स्कॅन करून बघायचंच असेल तर एनमॅप या स्कॅनिंग टूलच्या प्रकल्पाने त्यासाठी "स्कॅनमी" नावाचा खुला सर्व्हर ठेवलेला आहे. तोही बेताने वापरा.

काही महिने हे केलं की एक यादी आपोआप तयार होते: मला काय जमत नाही. "लिनक्सवर शेल (कमांड द्यायची जागा) मिळतो, पण रूटपर्यंत (सर्वाधिकार असलेल्या खात्यापर्यंत) पोचत नाही." "वेब ठीक आहे, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत अंधार." "सगळं सोडवतो, पण रिपोर्ट लिहिता येत नाही." कोर्स या यादीसाठी घ्यायचा.

चौथी पायरी: अभ्यासक्रम वाचायचा कसा

विक्रीच्या पानावर "३०० व्हिडिओ, ६० टूल्स" असं काही दिसलं की तिकडे दुर्लक्ष करा. टूल्सची संख्या म्हणजे कोर्सची खोली नव्हे. धडा टूलच्या नावाने आहे की कामाच्या नावाने, हे बघा. "एनमॅप भाग १, २, ३, मेटास्प्लॉइट भाग १, २, ३" अशी अनुक्रमणिका असेल तर तो कोर्स बटणं दाबायला शिकवतो. "माहिती गोळा करणं, सेवा ओळखणं, आत शिरणं, अधिकार वाढवणं, पुढच्या मशिनकडे सरकणं, रिपोर्ट" अशी असेल तर कुणीतरी कामाचा विचार करून ती बांधली आहे.

फरक कसा दिसतो त्याचं एक उदाहरण सांगतो. मेटास्प्लॉइटेबल २ वर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा एफटीपी सर्व्हर असतो, आणि जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये तो येतो. २०११ साली या आवृत्तीच्या अधिकृत डाउनलोडमध्ये कुणीतरी मागचा दरवाजा घुसवला होता. वाईट धड्यात शिक्षक मेटास्प्लॉइट (तयार हल्ल्यांची मॉड्यूल्स चालवणारं टूल) उघडतो, मॉड्यूल निवडतो, लक्ष्याचा पत्ता भरतो, "रन" म्हणतो, रूट शेल येतो, धडा संपला. चांगला धडा तिथेच सुरू होतो. शिक्षक मेटास्प्लॉइट बंद करतो आणि साध्या नेटकॅटने (पोर्टला जोडून मजकूर पाठवणारं टूल) २१ नंबरच्या पोर्टवर जोडतो. युजरनेम म्हणून काहीही टाइप करतो, फक्त शेवटी :) हे हसरं चिन्ह जोडतो, पासवर्ड म्हणून काहीही देतो. कनेक्शन तसंच लटकत राहतं. मग दुसऱ्या खिडकीतून ६२०० पोर्टला जोडतो, आपण कोण आहोत हे सांगणारी "आयडी" ही कमांड देतो, आणि समोर रूट. आता तुम्हाला कळतं की ते मॉड्यूल आत काय करत होतं, दुसऱ्यांदा चालवल्यावर ते कधी कधी का फसतं, मधल्या फायरवॉलने ६२०० अडवला असता तर काय झालं असतं, आणि रिपोर्टमध्ये या त्रुटीचं कारण काय लिहायचं. दोन्ही धडे साधारण तेवढ्याच मिनिटांचे. कोर्सचा मोफत नमुना बघताना मी हाच प्रश्न धरून बसतो: टूल बंद केल्यावर या शिक्षकाकडे सांगायला काही उरतं का?

कोर्सचं वय ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. वायफायच्या भागात डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा पद्धत फोडण्यावर अख्खं प्रकरण खर्ची पडलं असेल, तर तो फार जुना. पडद्यावर बॅकट्रॅक दिसला तर विषयच संपला, कारण त्याच्या जागी काली २०१३ मध्ये आलं. स्क्रिप्ट्स पायथन २ मध्ये असतील तर अधिकृत आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपलेल्या भाषेत तुम्ही अडकाल. ओवॅस्प टॉप टेनची (वेबवरच्या दहा मुख्य धोक्यांची) २०१७ ची यादी शिकवत असतील आणि त्यात इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर असेल, तर २०२१ च्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल वर गेलं हे त्यांच्या गावीच नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या भागात केर्बेरोस्टिंग (सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड फोडायची युक्ती) आणि ब्लडहाउंड (अधिकारांच्या वाटा नकाशासारख्या दाखवणारं टूल) हवेतच. २०२१ मध्ये जगजाहीर झालेले सर्टिफिकेट सर्व्हिसेसवरचे हल्ले असतील तर कोर्स ताजा आहे असं समजा. क्रॅकमॅपएक्झेक या जुन्या टूलच्या जागी नेटएक्झेक वापरत असतील तर कुणीतरी अधूनमधून धडे बदलतंय हे नक्की.

अर्थात जुनं ते सगळं टाकाऊ नाही. टीसीपी, एचटीटीपी, लिनक्सच्या परवानग्या या गोष्टी शिळ्या होत नाहीत. मूलतत्त्वांचा जुना पण नीट शिकवलेला कोर्स सवलतीत मिळाला तर खुशाल घ्या. शेवटचा बदल कधी झाला ही तारीख मात्र बघा, आणि "अपडेट" म्हणजे नुसतं शीर्षकातलं वर्ष बदललेलं नाही ना तेही.

आणखी एक कसोटी म्हणजे रिपोर्ट. पेन्टेस्टरच्या हातून क्लायंटला मिळतं ते फक्त कागद. फाइंडिंग (सापडलेली त्रुटी) कशी लिहायची, तीव्रता कशी ठरवायची, पुरावा म्हणून काय जोडायचं, उपाय कसा सुचवायचा, स्कोप आणि परवानगी म्हणजे काय, हे ज्या अभ्यासक्रमात कुठेच नाही तो हॅकिंगचे खेळ शिकवतो, व्यवसाय नाही.

पाचवी पायरी: लॅब तपासा, कारण पैसे तिचेच आहेत

पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकत नाही. पैसे द्यायचेच तर पाण्याचे द्या. विकत घेण्याआधी लॅबबद्दल हे विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मिळालं तर फारच छान.

लॅब स्वतंत्र मिळते की सामायिक? सामायिक लॅबमध्ये दुसरा कुणी मशिन मध्येच रिसेट करतो, किंवा फोडून आपल्या फाइल्स मागे ठेवून जातो. तुम्हाला तयार शेल सापडतो आणि शिकणं राहून जातं. मशिन रिसेट करायची मुभा किती वेळा? लॅबला दिवसांची मुदत आहे की तासांची? कोर्सचे व्हिडिओ आयुष्यभर आणि लॅब तीस दिवस, ही युक्ती फार चालते. मोठ्या अक्षरांत "आजीवन" लिहिलेलं असतं ते व्हिडिओपुरतं. प्रत्येक धड्याबरोबर लॅब आहे, की शेवटी एकच? आणि उत्तरं न दाखवलेली, म्हणजे आंधळी सोडवायची मशिन्स आहेत का? धड्यामागोमाग त्याच धड्याची लॅब असेल तर आत शिरायची वाट कुठली हे आधीच माहीत असतं. खऱ्या कामात ते कुणी सांगत नाही.

तुमचं इंटरनेट वारंवार तुटत असेल तर ब्राउझरमधली लॅब छळते. अशांना व्हीपीएनवाली, किंवा सरळ उतरवून घ्यायची मशिन्स देणारा कोर्स बरा.

सहावी पायरी: खरा खर्च मांडा

पानावरचा आकडा हा खर्चाचा एक तुकडा. त्यात परीक्षेचं व्हाउचर धरलंय का? नापास झाल्यास रीटेक फुकट की वेगळा? प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे पैसे किती? परकीय चलनात भरताना कार्डाचं शुल्क आणि कर वरून लागतात, तेही धरा.

मासिक वर्गणीचं गणित लोक हमखास चुकवतात. समजा कोर्स १२० तासांचा आहे आणि नोकरी सांभाळून तुम्ही आठवड्याला सहा तास देऊ शकता. म्हणजे वीस आठवडे, जवळपास पाच महिने. मासिक दर स्वस्त दिसला तरी त्याला पाचने गुणा आणि मग एकरकमी कोर्सशी तुलना करा. शिवाय जाहिरातीतले तास हे बहुतेकदा व्हिडिओचे असतात. सराव, नोट्स, अडकून पडणं धरलं की ते दुप्पट ते तिप्पट होतात, निदान माझ्या ओळखीतल्या शिकणाऱ्यांचा अनुभव असाच आहे. उलट, सुट्टीचा एक महिना सलग हातात असेल तर मासिक वर्गणीइतकं स्वस्त दुसरं काही नाही: महिनाभर झटून अभ्यास करा आणि वर्गणी रद्द करा. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, म्हणून घेतल्या दिवशीच नूतनीकरण बंद करून टाका.

सवलतींबद्दल दोनच गोष्टी. मोठ्या कोर्स-बाजारांवर मूळ किंमत आणि सवलतीची किंमत यातली दुसरीच खरी समजा, सेल परत येतच असतो. नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडेला सुरक्षा क्षेत्रातले बरेच जण चांगली सूट देतात. आणि विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या ईमेलवरून नोंदणी करून बघा. हॅक द बॉक्स अकॅडमीची विद्यार्थी वर्गणी नेहमीच्या दरापेक्षा कितीतरी खाली आहे, आणि माझ्या मते सध्या पैशाला पैसा वसूल होणाऱ्या सौद्यांत ती अगदी वरच्या रांगेत बसते.

सातवी पायरी: प्रमाणपत्र हवंय का, आणि कुठलं?

शिकण्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. नोकरीच्या अर्जाची पहिली चाळणी पार करायला लागू शकतं. म्हणून उलट्या बाजूने जा: ज्या जागा तुम्हाला हव्या आहेत त्यांच्या जाहिराती उघडा, त्यात कुठली नावं परत परत येतात ते टिपा, आणि मगच परीक्षा ठरवा.

परीक्षांचा ढंग फार वेगवेगळा असतो आणि त्यावरून कोर्सचाही अंदाज येतो. आयएनईची ईजेपीटी सुरुवातीच्या पातळीची: ४८ तास, लॅबमध्ये शोधून ३५ प्रश्नांची उत्तरं द्यायची, रिपोर्ट नाही. पहिला आत्मविश्वास मिळवायला ठीक. टीसीएम सिक्युरिटीची पीएनपीटी कामाच्या फार जवळ जाते: पाच दिवस चाचणी, दोन दिवस रिपोर्ट, आणि मग परीक्षकासमोर पंधरा मिनिटं आपली निरीक्षणं तोंडी मांडायची. हॅक द बॉक्सच्या सीपीटीएसला आधी अकॅडमीतला अख्खा मार्ग पूर्ण करावा लागतो आणि परीक्षा दहा दिवस चालते, रिपोर्टसकट. तिचा अभ्यासक्रम मला या सगळ्यांत सर्वात भरीव वाटतो, फक्त वाचन दांडगं आहे. व्हिडिओच हवेत अशांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

ऑफसेकची ओएससीपी सर्वात ओळखली जाणारी, आणि या यादीत खिशाला चांगलीच जड. परीक्षा २३ तास ४५ मिनिटं, मग रिपोर्टला २४ तास, शंभरपैकी सत्तर गुण हवेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिच्याबरोबर ओएससीपी+ मिळते. त्यातल्या प्लसची मुदत तीन वर्षं, साध्या ओएससीपीला मुदत नाही. माझा सल्ला: ओएससीपी शेवटी ठेवा. तिच्या कोर्समधली लॅब मुदतीची असते, म्हणून शिकायला तिथे जाऊ नका. शिकून झाल्यावर, शक्य असल्यास कंपनीच्या पैशाने जा.

सीईएचची (सर्टिफाइड एथिकल हॅकर) मूळ परीक्षा म्हणजे चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न, प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी द्यावी लागते. काही सरकारी आणि मोठ्या संस्थांच्या जागांना ती मागतात. तुमच्या जाहिरातींमध्ये ती आली तर द्या, पण हात तयार होतील या आशेने तिच्यावर पैसे लावू नका. कॉम्पटियाची पेनटेस्ट+ ९० पर्यंत प्रश्न आणि १६५ मिनिटांची. बहुपर्यायी प्रश्नांबरोबर थोडे कृतीवर आधारित प्रश्न असतात. नियोजन, स्कोप, रिपोर्ट या बाजू ती बऱ्या घेते.

कोर्स संपल्यावर संस्था स्वतःच देते ते "पूर्णत्वाचं प्रमाणपत्र" यात मी धरलेलं नाही. मुलाखतीत त्याला कुणी विचारत नाही. त्याऐवजी रिटायर मशिन्सची दहाबारा नीट लिहिलेली रायटअप्स दाखवलीत तर बोलणं पुढे सरकतं.

आठवी पायरी: कोणापासून लांब राहायचं

"शंभर टक्के नोकरीची हमी." "तीस दिवसांत हॅकर." "कुणाचंही सोशल मीडिया अकाउंट हॅक करायला शिका." शेवटचं वाक्य दिसलं की टॅब बंद करा, ते प्रशिक्षण नसून गुन्ह्याची जाहिरात आहे. बर्प प्रोफेशनलसारखी टूल्स क्रॅक करून वाटणारे शिक्षकही तसेच. फोडलेल्या टूलमध्ये आणखी काय बसवलंय हे वाटणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तुम्ही ते नेमकं सुरक्षेच्या कामाच्या मशिनवर चालवणार. महागड्या कोर्सच्या चोरलेल्या प्रती ग्रुपवर फिरतात, त्यांचंही तेच. वर त्यात लॅब नसते, म्हणजे मोलाचा भागच गायब.

शिक्षकाने प्रत्यक्ष काम केलंय का हे बघायला फार शोधाशोध लागत नाही. सापडलेल्या त्रुटींना मिळालेले सीव्हीई क्रमांक, परिषदांतली भाषणं, गिटहबवरची टूल्स, तांत्रिक लेख यातलं काहीतरी सापडायला हवं. काहीच नसेल आणि फक्त फॉलोअर्स असतील, तर जपून. अभिप्राय वाचताना "खूप छान सर" वगळा. "अमुक लॅब चालत नाही, दोन महिने उत्तर नाही" असे तीन ताऱ्यांचे अभिप्राय सगळ्यात कामाचे.

नववी पायरी: एका संध्याकाळची चाचणी

शेवटी दोन किंवा तीन कोर्स उरले की प्रत्येकाचा मोफत धडा घ्या आणि शक्यतो तुम्हाला आधीच येत असलेल्या विषयावरचा निवडा, म्हणजे शिक्षक काय गाळतो ते कळेल. धडा एकदाच बघा, बंद करा, आणि त्यात दाखवलेलं स्वतःच्या लॅबमध्ये करून बघा. कुठे अडलात? शिक्षकाने "हे असं टाका" म्हणून जिथे घाई केली होती तिथेच बहुतेक. मग त्यांच्या डिस्कॉर्डवर किंवा चर्चेच्या जागी जाऊन मागच्या महिन्याभरातले प्रश्न चाळा. उत्तरं कोण देतंय, शिक्षक की इतर विद्यार्थी? किती दिवसांनी? "जास्त प्रयत्न करा" एवढंच उत्तर असेल तर तो आधार नव्हे. दिशा दाखवणारा, पण पूर्ण उत्तर न देणारा इशारा मिळत असेल तर तिथे पैसे द्यायला हरकत नाही. ज्यांचा एकही धडा मोफत बघायला मिळत नाही आणि रिफंडही नाही, त्यांना मी यादीतूनच काढतो.

शेवटची पायरी: घेतल्यावर रिफंडच्या मुदतीत काय करायचं

अटींमधली बारीक अक्षरं आता वाचा: रिफंडची मुदत किती दिवसांची, आणि किती भाग बघितल्यावर तो हक्क जातो. ती तारीख फोनमध्ये गजर लावून ठेवा, दोन दिवस आधीची. पहिल्या दिवशी लॅबला जोडून बघा, व्हीपीएन चालतं का, मशिन सुरू व्हायला किती वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात क्रमाने न जाता मधलं आणि शेवटचं असं एकेक प्रकरण उघडा. अनेक कोर्सेसची पहिली प्रकरणं नव्याने चित्रित केलेली असतात आणि पुढची जुनीच राहतात. तुमच्या "जमत नाही" यादीतल्या मुद्द्याचा धडा आधी करा, त्याची लॅब सोडवा, आणि मुद्दाम एक प्रश्न विचारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. गजर वाजेपर्यंत त्या यादीतली एक तरी ओळ खोडली गेली नसेल, तर अर्ज करून पैसे परत मागा.